द्वारकाबाईंच्या घरचा आकडा

हिंगणपूरच्या सरकारी दवाखान्यात तातडीच्या विभागाला खाटा बारा. दोन हजार वीस साली बारा होत्या आणि सदतीस साल उजाडलं तरी बाराच होत्या. मधल्या काळात नव्या इमारतीचा नारळ दोनदा फुटला, दोन वेगवेगळ्या पुढाऱ्यांच्या हस्ते फुटला, खोबरं सगळ्यांनी खाल्लं, आणि त्या जागेवर आता कर्मचाऱ्यांच्या मोटारसायकली लागतात. पेशंट मात्र इमारतीसाठी थांबायला तयार नव्हते. महामार्ग रुंद झाला तसे अपघात वाढले, कारखाने आले तसे कापलेले-भाजलेले वाढले. लोक दोन खाटांच्या मधे सतरंजी टाकून झोपायचे आणि त्यांच्यावरून उड्या मारत सलाईन बदलायचं, तेही डोक्यावर नातेवाईक ओरडत असताना. सिस्टर इंचार्ज ग्रेस सातपुते यांच्या नाकी नऊ आले होते.

मग टिकली आली.

तिचं खरं नाव इंग्रजी आणि हातभर लांब होतं. रुपयाएवढा पातळ चकता, छातीच्या मधोमध चिकटवायचा. म्हणून गावानं पहिल्याच दिवशी तिला टिकली म्हटलं आणि पुढे कागदोपत्रीसुद्धा तेच नाव पडलं. डॉक्टर नाझनीन मुजावर यांनी दवाखान्यासमोरच्या गल्लीतल्या सगळ्या बायाबाप्यांना बालवाडीत गोळा करून ती समजावून सांगितली होती.

"निरोगी माणसाचं काळीज घड्याळासारखं टिकटिक करत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "एक ठोका जरा लवकर पडतो, एक जरा उशिरा. श्वास घेतला की वेगळं, सोडला की वेगळं. पण आत कुठे बिघाड सुरू झाला, रक्त झिरपायला लागलं, विष पसरायला लागलं, तर शरीराला ते आपल्या आधी कळतं. ते कंबर कसतं, आणि ठोके एकसारखे, ताठ पडायला लागतात. ताप यायच्या आधी, बीपी उतरायच्या आधी. टिकली ते ठोके मोजते, कातडीवरचा घाम मोजते, आणि पुढच्या सहा तासांत हा माणूस बिघडेल का, याचा आकडा देते. शून्य ते शंभर. तीसच्या आत हिरवा. साठच्या वर लाल, आणि लाल झाला की आमच्याकडे घंटा वाजते."

यातून निघालेला हिशेब सोपा होता. बारापैकी सात खाटांवर नेहमी अशीच माणसं असायची की ज्यांना काही करायचं नसतं, नुसतं लक्ष ठेवायचं असतं. आकडा हिरवा असेल तर ती दवाखान्यातच कशाला पडायला हवीत? समोरच्या गल्लीत पडली तरी चालेल, फक्त स्ट्रेचर दोन मिनिटांत पोचलं पाहिजे. गल्लीतल्या अठरा घरांनी पुढच्या खोलीत एकेक खाट दिली. एक वीट न रचता बाराच्या तीस खाटा झाल्या.

सातवं घर द्वारकाबाई घोलपांचं. नवरा एसटीत ड्रायव्हर होता, तो जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी सासरी, नाशिकला. त्या सहा वर्षांत घरात बोलायला माणूस नव्हतं, आणि हे त्यांच्यासारख्या बाईला म्हणजे उपासच होता. कारण बोलणं हा त्यांचा धर्म. भाजीवाल्याशी, मीटर बघायला येणाऱ्याशी, चुकून लागलेल्या फोनवरच्या माणसाशीसुद्धा त्या पंधरा मिनिटं बोलत आणि त्याच्या बहिणीची सोयरीक कुठे झाली ते काढून घेत. खाट मिळाली आणि त्यांच्या घरात रोज एक नवा माणूस झोपायला यायला लागला, तोही उठून जाऊ न शकणारा. आता काय बोलता!

त्यांची एक रीत ठरलेली होती. पेशंट खाटेवर टेकला की पहिला प्रश्न, "कुठलं गाव?" दुसरा, "कुणाचं म्हणायचं?" मग आईचं माहेर, बायकोचं माहेर, चुलत्याचं सासर असं करत करत त्या कुठेतरी धागा पकडायच्या आणि नातं लावायच्या. नातं सापडलं तर ठीक, नाही सापडलं तरी ठीक, कारण मग त्या ते रचायच्या. त्यांच्या नवऱ्याचं गाव या हिशेबानं आतापर्यंत चाळीस ठिकाणी होतं. पेशंट आत येताना परका असायचा आणि अर्ध्या तासात कुणाचा तरी भाचा नाहीतर व्याही होऊन निवांत पडायचा.

सगळ्या टिकल्यांचे आकडे जमवून कुठला पेशंट कुठल्या घरी पाठवायचा ते ठरवणारं एक यंत्र दवाखान्यात होतं, आणि याचा परिणाम कुणाच्या ध्यानीमनी नसताना त्या यंत्राच्या ध्यानात आला. सातव्या घरी गेलेल्या माणसाचा आकडा उतरायचा. बावीसचा चौदा व्हायचा, सव्वीसचा सोळा. असं दोन महिने पाहिल्यावर यंत्र शिकलं. ते आपणहून जरा जड पेशंट सातव्या घरी पाठवायला लागलं, आणि तिथल्या आकड्यातून थोडा आणखी वजा करायला लागलं. कारण त्याच्या अनुभवानं त्या घरात सगळं सुखरूप पार पडत होतं.

डॉक्टर मुजावर खूश होत्या. "मावशी, येत्या गुरुवारी मुंबईहून आरोग्य खात्याची मंडळी येणार आहेत. खाटा कायमच्या करायच्या की नाही ते ठरेल. मी त्यांना आधी तुमचं घर दाखवणार."

"दाखवा की. पोहे करीन," द्वारकाबाई म्हणाल्या, पण रात्रभर त्यांचा डोळा लागला नाही. खाट कायमची होणार या आनंदानं नव्हे, जाईल या धास्तीनं. गल्लीतली दोन घरं आधीच बंद झाली होती. अकराव्या घरच्या लीलाबाईंनी ऑपरेशनला उपाशी ठेवलेल्या पोराला वाटीभर शिरा चारला होता. दारी आलेल्याला उपाशी ठेवायचं म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. त्यांची खाट त्याच दिवशी उचलली. आता लीलाबाई दुपारभर ओट्यावर बसून रस्ता बघतात. आपलं तसं होऊ नये, एवढंच द्वारकाबाईंना हवं होतं.

गुरुवारला दोन दिवस बाकी होते. मंगळवारी दुपारी गंगासागर मंगल कार्यालयातली पंगत उठली आणि तासाभरात वऱ्हाड ओकायला लागलं. बासुंदी नासली होती. एकतीस माणसं एकदम दवाखान्यात आली, नवरदेवासकट. बाराच्या बारा खाटा भरल्या, पडवी भरली, आणि तीसच्या आतले जे होते ते भराभर गल्लीत हलवले गेले. सातव्या घरी आला महिपती लोहार.

महिपती पंचेचाळिशीचा, काळासावळा, हाताला ग्रीसचा वास येणारा माणूस. बोअरमधल्या मोटारी वर काढायचं काम करायचा. सकाळी मोटार ओढताना तिवईचा एक पाय घसरला आणि लोखंडी पाइप त्याच्या डाव्या बरगडीवर बसला. सोनोग्राफी झाली होती, पोटात काही दिसलं नव्हतं, दोन बरगड्यांना तडा होता. आकडा बावीस. बरोबरचा गडी त्याला सोडून गाडी परत द्यायला गेला तो गेलाच.

"कुठलं गाव?" द्वारकाबाईंनी उशी सारखी करत विचारलं.

"तसं गाव न्हाई आता. फिरतीवर असतो. आईचं माहेर कवठोली."

"कवठोली!" द्वारकाबाई खाली बसल्याच. "अरं, आमचे मालक कवठोलीचे. म्हंजे तुझे मामा झाले की ते. अन् मी मामी." मालक कवठोलीला आयुष्यात एकदा, टायर पंक्चर झालं म्हणून थांबले होते. "आईचं नाव काय रं?"

"अनसूया. मी सातवीत असतानाच गेली."

"अनसूया, व्हय, व्हय. ओढ्याच्या वरल्या अंगाला घर होतं."

"न्हाई मामी. ओढ्याच्या खालल्या अंगाला. मळ्यातच." तो हसला आणि त्यानं बरगडी धरली. मग स्वतःच सांगायला लागला. मळ्यातली विहीर, आजोबाचा भाता, आजी कशी भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवायची. द्वारकाबाई मुद्दाम एखादी गोष्ट चुकीची बोलायच्या आणि तो ती दुरुस्त करायचा, कारण आपल्या आजोळाबद्दल दुसऱ्यानं चुकीचं बोललेलं कुणालाच खपत नाही. माणसाला बोलतं करायची ही त्यांची जुनी युक्ती होती. खाटेच्या उशाशी लावलेल्या पाटीवरचा आकडा बघता बघता बावीसवरून सतरावर आला.

साडेचार वाजता सिस्टर ग्रेस धावतपळत एक फेरी मारून गेल्या. बीपी ठीक, नाडी ठीक. "मावशी, तुमच्या घराला नजर लागायची," म्हणाल्या आणि पुढच्या घरी पळाल्या.

पाचच्या सुमाराला द्वारकाबाईंनी चहा टाकायला उठता उठता सहज विचारलं, "अन् तुझी आजी, ती कवठोलीत रानातच राहायची शेवटपर्यंत?"

"व्हय."

मघाशी तर हा म्हणाला होता की आजी शेवटची दोन वर्षं गावात, देवळामागं राहिली. द्वारकाबाईंनी चहाचं भांडं खाली ठेवलं. "अन् ते घर ओढ्याच्या वरल्या अंगालाच?"

"व्हय मामी."

त्याचा चेहरा शांत होता. वरच्या ओठावर मात्र घामाचे बारीक थेंब होते, आणि पंखा तर पाचवर होता. द्वारकाबाई त्याच्या तोंडाशी वाकल्या. "महिपती, तुझ्या आईचं नाव सखुबाई ना रं?"

"व्हय," तो म्हणाला. "सखुबाई."

माणूस सगळं विसरेल, पण आईचं नाव कुणी चुकीचं घेतलं तर झोपेतसुद्धा नाही म्हणेल. त्यांनी पाटीकडे पाहिलं. सतरा. हिरवागार.

त्यांनी फोन लावला. मागे ओकाऱ्यांचा आणि बादल्यांचा आवाज येत होता. "सिस्टर, हा पोरगा बरा न्हाई. आईचं नाव चुकीचं सांगितलं तर हो म्हणतोय."

"मावशी, पेनकिलर दिलंय त्याला, गुंगीत असेल. आकडा किती?"

"सतरा. पण आकडा खोटा बोलतोय."

"आकडा खोटा बोलत नाही हो. डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत, इथं नवरदेवाला फिट आलीय. लाल वाजला की एका मिनिटात स्ट्रेचर पाठवते, वचन देते. नाहीतर अर्ध्या तासानं मी येतेच." फोन बंद झाला.

शेजाऱ्यांना बोलावून खाटच उचलून न्यावी असं एकदा त्यांच्या मनात आलं. पण तडकलेल्या बरगडीच्या माणसाला स्ट्रेचरशिवाय हलवायचं नाही, ही पहिलीच ताकीद होती. अर्धा तास थांबावं, तर महिपतीची बोटं गार लागत होती. त्यांनी सवयीनं त्याच्या कपाळावर हात ठेवला, "अरं, आपल्या मळ्यातली विहीर आठवते का," असं काहीतरी बोलू लागल्या, आणि पाटीवरचा सतरा त्यांच्या डोळ्यांदेखत पंधरा झाला.

तेव्हा त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बालवाडीत डॉक्टर काय म्हणाल्या होत्या? शरीराला आधी कळतं, ते कंबर कसतं, ठोके ताठ होतात, आणि टिकली तेवढंच ओळखते. इथं आतलं शरीर ओरडायला उठत होतं आणि आपण त्याला थोपटून परत झोपवत होतो. यंत्र बिचारं आपल्यावर विश्वास ठेवून बसलं होतं. म्हणजे आकडा खोटा नव्हता, त्याला खोटं बोलायला आपणच लावत होतो. आणि मग आजवर इथं उतरलेल्या सगळ्याच आकड्यांचं काय? गुरुवारी काय दाखवायचं? हे उघडं पडलं की खाट जाणार, लीलाबाईंच्या शेजारी ओट्यावर आपलीही जागा. हे सगळं त्यांच्या मनात आलं, नाही असं नाही. आलं आणि गेलं, कारण महिपतीचे ओठ पांढरे पडायला लागले होते.

त्या उठल्या. हात काढून घेतला. काही न बोलता बाहेर आल्या आणि दार थोडं उघडं ठेवून उंबऱ्यावर बसल्या, पाटी दिसेल अशा बेतानं.

"मामी," आतून आवाज आला.

त्या बोलल्या नाहीत. पंधरा. अठरा.

"मामी, हायसा का?"

चोवीस. द्वारकाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. आयुष्यात त्यांनी एवढं अवघड काम केलं नव्हतं. नवरा गेला त्या दिवशीही त्या बोलत होत्या, रडत रडत का होईना, बोलत होत्या. एकतीस झाला आणि पाटी पिवळी झाली. आत महिपती उठू बघत होता, खाट करकरत होती. "कुणी हाय का? मामी, अंधारी येतीया. मामी." त्यांना वाटलं आपणच याला मारतोय. सदतीस. बेचाळीस. बेचाळीसवर आकडा अडला आणि अडूनच राहिला, आणि त्या देवाला म्हणाल्या की आणखी दहापर्यंत मोजते, मग मी आत जाते, मग तुझं तू बघ. सहापर्यंत मोजून झालं असेल. पन्नास. अठ्ठावन्न. हाक मारणं बंद झालं होतं आणि ते त्याहून वाईट होतं.

चौसष्ट. पाटी लाल झाली आणि समोर दवाखान्यात घंटा वाजली.

सिस्टर ग्रेसनी वचन पाळलं. मिनिटाच्या आत स्ट्रेचर आलं, आणि द्वारकाबाई त्याच्या बरोबरीनं धावल्या, अनवाणी. पोटाची सोनोग्राफी पुन्हा झाली. डाव्या बरगड्यांखालची प्लीहा फाटून पोटात दीड लिटर रक्त साठलं होतं. डॉक्टर मुजावर एका ऑपरेशनमधून निघून तशाच दुसऱ्याला उभ्या राहिल्या. दारात सिस्टर ग्रेस संमतीचा कागद घेऊन आल्या. "याचं कुणी आहे का? नातेवाईक?"

"मी हाय. मामी."

सिस्टरांना द्वारकाबाईंची नाती तोंडपाठ होती. "मावशी, सरकारी कागद आहे हा."

"मग सरकारी अक्षरात लिहा. मामी." आणि आजवर शेकडो नाती हसत हसत लावणाऱ्या द्वारकाबाईंनी त्या एका नात्याखाली पूर्ण नाव लिहून सही केली.

महिपती वाचला. डॉक्टर म्हणाल्या, आणखी अर्धा तास गेला असता तर हाती लागला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाबाईंनी डॉक्टरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी यंत्रातल्या नोंदी काढून एकेक मिनिट तपासलं. "तुमचं बरोबर आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "तुम्ही बोलायला लागलात की याचे ठोके सैल पडलेत, गप्प बसलात की ताठ."

"भ्याला असंल तो. मी सोडून गेले म्हणून वाढला का आकडा?"

"नुसत्या भीतीनं चाळीसपर्यंत जातो आणि उतरतो. बघा, इथं बेचाळीसला अडलाय. उतरला नाही, वर गेला. ते रक्त होतं." डॉक्टरांनी चष्मा काढला. "मावशी, हे सगळ्या यंत्रालाच शिकवावं लागेल. जिथं जिथं घरच्यासारखं घर आहे तिथं हे होणार. दर तासाला दहा मिनिटं पेशंटला एकटं ठेवायचं, आणि तोच आकडा खरा धरायचा."

गुरुवारी मुंबईची मंडळी आली. डॉक्टरांनी झाकूनपाकून काही ठेवलं नाही. मंडळींनी दहा मिनिटांचा नियम लिहून घेतला, अठरांतून बंद झालेल्या दोन आणि द्वारकाबाईंची एक सोडून पंधरा खाटा कायम केल्या, आणि सातव्या घराची खाट यंत्राचा नवा अभ्यास होईपर्यंत, निदान तीन महिने, बंद ठेवली. पोहे मात्र सगळ्यांनी दोनदा घेतले. द्वारकाबाईंना वाईट वाटलं, अगदी रडू आलं, पण ज्या दिवसाची इतकी धास्ती घेतली होती तो दिवस येऊन गेल्यावर रात्री झोप मात्र गाढ लागली.

दहाव्या दिवशी महिपतीला सोडायचं ठरलं. "पंधरा दिवस जड उचलायचं नाही, एकटं राहायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "घरी कोण आहे?"

"फिरतीवर असतो मी," महिपती म्हणाला.

"माझ्याकडं येतोय तो," दारातून द्वारकाबाई म्हणाल्या.

"मावशी, तुमची खाट बंद आहे. इथून पेशंट देता येणार नाही."

"पेशंट कुठं मागतेय मी? दवाखान्याची खाट बंद झाली. घरातली खाट माझ्या बापानं रुखवतात दिलेली हाय, ती कोण बंद करतंय?"

डॉक्टरांना हसू आवरेना. सिस्टर ग्रेसनी महिपतीच्या छातीवरची टिकली अलगद सोडवली आणि ट्रेमध्ये टाकली. "झालं, मावशी. आता आकडा नाही की पाटी नाही. काय बोलायचं ते बोला."

घरी आल्यावर द्वारकाबाईंनी त्याला खाटेवर निजवलं, पांघरूण घातलं, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला. बोलायला तोंड उघडलं आणि एकदम काही सुचेना. त्या दिवसापासून त्यांच्या जिभेला एक भीती चिकटली होती, आपण बोललो तर आत काही लपून राहील ही. त्या खुर्ची ओढून बसल्या, उशाकडची भिंत बघितली, तिथं आता पाटीचे नुसते खिळे होते. मग त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. पाच मिनिटं गेली असतील.

"मामी," महिपती म्हणाला, "बोला की काहीतरी. तुम्ही गप बसलात की मला मेल्यासारखं वाटतं."

द्वारकाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि खुर्ची पुढे घेतली. दिवेलागण झाली, भाताला उशीर झाला, शेजारच्या बाई दोनदा डोकावून गेल्या, तरी त्यांचं बोलणं काही संपलं नव्हतं.